हॉप्सचा अंदाज चुकतो तेव्हा

घरी केलेल्या बिअरमध्ये हॉप्स जास्त पडले, कमी पडले किंवा भलत्याच वेळी पडले, तर ती बिअर सुधारता येते का? अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या फ्लॅटांमध्ये वीस लिटरचा फर्मेंटर घेऊन बसणारी हौशी मंडळी आता थोडीफार सापडतात, आणि त्यांच्या गप्पांत हा प्रश्न हटकून निघतो. जंतू शिरलेली बिअर ओतून द्यावी लागते, त्यावर दुमत नाही. हॉप्सची चूक वेगळी. बिअर निरोगी असते, अल्कोहोल हवं तितकं उतरलेलं असतं, जिभेला मात्र ती पटत नाही. म्हणून ती वाचवावीशी वाटते आणि उपायही भरपूर ऐकू येतात. त्यांतले बहुतेक थंड देशांतल्या तळघरांत तपासलेले आहेत. तीस अंशांच्या खोलीत आणि भातसा-वैतरणेच्या मऊ पाण्यावर त्यांतले किती टिकतात, हे एकदा नीट मांडून पाहायला हवं.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, म्हणजे मूळचा १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम, परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई करतो आणि बिअरही मद्याच्या व्याख्येत येते. राज्यात बिअर पिण्याचं किमान वय २१ आहे. पुढची चर्चा तंत्राची आहे. कायद्याचा विचार ज्याने त्याने या मर्यादेत करायचा आहे.

हे ज्ञान आलं कुठून

उपनगरांत घरी काही आंबवणं नवं नाही. आंबोली, मरोळ, एक्सर यांसारख्या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन घरांत नाताळासाठी द्राक्षाची नि आल्याची वाइन करण्याची रीत जुनी आहे. १९५०मध्ये मुंबई राज्यात पूर्ण दारूबंदी आली आणि शहरात ‘आंटीं’चे अड्डे उभे राहिले, तो इतिहासही सगळ्यांना ठाऊक आहे. पण यांपैकी कशातच हॉप्स नव्हते. वाइन गोड झाली किंवा फार आंबली तर काय करायचं, हे घरातली मोठी माणसं सांगू शकतात. हॉप्स चुकले तर विचारायला घरात कुणीच नाही.

म्हणून हे ज्ञान बाहेरून आलं. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने घरगुती बिअरवरचा संघराज्याचा कर आणि अडसर दूर झाला. १९८४मध्ये चार्ली पापाझियन यांचं ‘द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रूइंग’ आलं, पुढे जॉन पामर यांचं ‘हाउ टू ब्रू’. आजही इथला नवशिका याच पुस्तकांतली कोष्टकं वापरतो. महाराष्ट्रात पुण्याच्या डूलालीने २००९मध्ये मायक्रोब्रुअरीची वाट पाडली आणि २०१५मध्ये ती अंधेरीला पोचली. डोंबिवलीत गेटवे ब्रूइंग उभी राहिली, तिचा उगमही घरच्या हौसेतलाच. फिकट लागरच्या पलीकडची चव उपनगराला कळू लागली, तसा घरच्या पातेल्यातही हॉप्सचा डोस वाढला. चुकाही वाढल्या.

हॉप्सची आणि या शहराची ओळख मात्र त्याहून कितीतरी जुनी. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या बो ब्रुअरीतून हॉजसनची बिअर जहाजाने मुंबई, मद्रास, कलकत्त्याला येत असे. अशा बिअरमध्ये हॉप्स मुद्दाम जास्त घालत, आणि कित्येक महिन्यांच्या प्रवासात तिचा कडूपणा निवळत असे. ‘जास्त झाले तर थांबा’ या सल्ल्याचं मूळ बरंचसं या अनुभवात आहे. त्याकडे पुढे यायचंच आहे.

आधी चूक ओळखायची

माझ्या मते दुरुस्तीतली निम्मी फसगत निदानातच होते. कारल्याचा कडूपणा आणि कच्च्या सुपारीचा तुरटपणा आपली जीभ सहज वेगळा करते. बिअर चाखतानाही तेच करायला हवं. जिभेच्या मागे राहणारा स्वच्छ कडूपणा हा हॉप्समधल्या अल्फा आम्लांचा. ही आम्लं उकळताना आपली रचना बदलून आयसो-अल्फा आम्लं होतात आणि तेव्हाच पाण्यात नीट उतरतात. गालांच्या आत ओढ बसवणारा तुरटपणा हा पॉलिफेनॉलचा, म्हणजे हॉप्सच्या पानांचा किंवा धान्याच्या टरफलांचा. औषधी, दवाखान्यासारखा वास येत असेल तर तो हॉप्सचा नव्हेच. पाण्यातल्या क्लोरिनचा फिनॉलशी संयोग झाल्याने तो येतो. भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलातून येणारं पालिकेचं पाणी क्लोरिनयुक्त असतं, पण क्षार कमी असलेलं, मऊ असतं. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी मिसळलं की चित्र पालटतं. जड, अल्कधर्मी पाण्यात तोच हॉप्सचा डोस कर्कश लागतो आणि दोष हॉप्सवर जातो.

खरी हॉप्सची चूक बहुधा तीन प्रकारची. पहिली मापाची. पाककृतीत ३.५ टक्के अल्फाचा साझ लिहिलेला असतो आणि हाताशी १५ टक्क्यांचा कोलंबस असतो. वीस लिटरमध्ये साठ मिनिटं उकळलेल्या ३० ग्रॅम साझने साधारण १२ आयबीयू (लिटरमागे मिलिग्रॅम आयसो-अल्फा) कडूपणा येतो. तितक्याच कोलंबसने ५२. वजन एकच, बिअर दोन निराळ्या. दुसरी चूक क्रमाची: शेवटी घालायचे सुगंधी हॉप्स आरंभी पडणे, किंवा आरंभीचे विसरून शेवटी टाकणे.

तिसरी चूक इथल्या हवेची, आणि पुस्तकांत तिच्यावर फारसं काही नाही. परदेशी लेखक गृहीत धरतात की गॅस बंद केल्यावर वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, पंधरा-वीस मिनिटांत थंड होतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी नळालाच कोमट असतं. कॉपर कॉइलमधून ते कितीही फिरवलं, तरी वर्ट ८० अंशांच्या वर बराच वेळ रेंगाळतो. मालोविकी आणि शेलहॅमर यांनी २००५मध्ये अल्फा आम्लांच्या रूपांतराचा वेग मोजला. त्यांच्या समीकरणाने गणित केलं तर ९० अंशांना तो वेग उकळीच्या सुमारे चाळीस टक्के राहतो आणि ८० अंशांना सहाव्या भागावर येतो. म्हणजे वर्ट अर्धा तास सरासरी ९० अंशांच्या आसपास राहिला, तर ‘शेवटची पाच मिनिटं’ म्हणून टाकलेले हॉप्स प्रत्यक्षात सतरा मिनिटांच्या उकळीइतका कडूपणा देतात. सुगंध उडून जातो तो वेगळाच. वर्ट थंड न करता तसाच डब्यात भरून ठेवणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांना हे आधी कळलं. ते हॉप्सच्या वेळा पंधरा-वीस मिनिटांनी पुढे ढकलतात. मुंबईकराने त्यांचंच कोष्टक घ्यावं, असं मला वाटतं. अमेरिकी कोष्टक इथे फसवतं.

आकड्यांवरही एकमत नाही. ग्लेन टिनसेथ यांच्या सूत्राने १.०५० विशिष्ट गुरुत्वाच्या वर्टमध्ये तासभर उकळलेल्या हॉप्सपैकी २३ टक्के अल्फा उपयोगी पडतं. जॅकी रेगर यांच्या जुन्या कोष्टकाने ते ३० टक्क्यांच्या घरात जातं. दहा टक्के अल्फाच्या ३० ग्रॅमसाठी एक सूत्र ३५ आयबीयू सांगतं, दुसरं ४५. ‘माझी बिअर जास्त कडू झाली’ म्हणणाऱ्याने आधी आपलं सॉफ्टवेअर कोणतं सूत्र वापरतं, ते पाहावं.

कमी पडलं असेल तर

ही बाजू सोपी आहे आणि इथे वाद उपायाच्या पद्धतीपुरताच आहे. कडूपणा नंतर भरता येतो.

मोठ्या ब्रुअरीज आयसो-अल्फा अर्काचे थेंब घालून आंबवण झाल्यावर चव जुळवतात. हा उपाय स्वच्छ आणि मोजता येणारा आहे. घरी तो न वापरणाऱ्यांचा आक्षेप चवीचा असतो: कडूपणा येतो, पण हॉप्सचं अंग येत नाही.

दुसरा मार्ग हॉप्सचा काढा. वीस लिटर बिअरमध्ये १० आयबीयू वाढवायचे, तर २०० मिलिग्रॅम आयसो-अल्फा हवं. वीस टक्के उपयोग धरला तर दहा टक्के अल्फाचे दहा ग्रॅम हॉप्स तासभर उकळावे लागतात. इथे एक अडचण आहे: थोड्या पाण्यात आयसो-अल्फा फार दाट राहू शकत नाही. म्हणून काढा दोन लिटरपेक्षा कमी करू नये. काढा साध्या पाण्यात करावा की वर्टमध्ये, यावर दोन तट आहेत. पाण्याचा पीएच जास्त असल्याने रूपांतर लवकर होतं, पण पॉलिफेनॉलही जास्त उतरतात आणि चव खडबडीत होते. वर्टमध्ये वेळ लागतो, चव गोलसर राहते. दर वेळी दोन लिटर वर्ट बाजूला काढून फ्रीजरमध्ये ठेवणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही, आणि मला तो शहाणपणाचा मार्ग वाटतो. फक्त काढ्यातली साखर आंबून संपेपर्यंत बाटल्या भरू नयेत.

तिसरा मार्ग ड्राय हॉपिंगचा, म्हणजे थंड बिअरमध्ये हॉप्स भिजवण्याचा. फार काळ समज असा होता की त्याने सुगंधच येतो. आता माहीत आहे की हॉप्समधली ह्युम्युलिनोन ही संयुगं न उकळताही विरघळतात आणि त्यांचा कडूपणा आयसो-अल्फाच्या सुमारे ६६ टक्के असतो. त्यामुळे कमी कडू बिअर ड्राय हॉपिंगने सावरते. पण आधीच कडू असलेल्या बिअरमध्ये तेच हॉप्स काही आयसो-अल्फा आपल्या पाल्यात ओढूनही घेतात, असं हॉप्स कंपनी हॉपस्टायनरचे जॉन पॉल माये आणि ओरेगन स्टेट विद्यापीठाचे संशोधक यांनी दाखवलं आहे. एकाच उपायाने एका बिअरचा कडूपणा वाढतो, दुसरीचा घटतो. हौशी माणसाला हे पटायला वेळ लागतो.

जास्त झालं असेल तर

खरी परीक्षा इथे आहे. ड्राय हॉपिंगने थोडंफार घटतं ते सोडलं, तर आयसो-अल्फा बाहेर काढण्याची घरगुती युक्ती नाही. जे आहे ते पसरवणं, झाकणं किंवा वाट पाहणं.

पसरवण्यात पाणी घालणं आलं. ६० आयबीयू आणि सहा टक्के अल्कोहोलच्या वीस लिटर बिअरमध्ये चार लिटर पाणी घातलं तर ५० आयबीयू आणि पाच टक्के उरतात. पाणी उकळून, झाकून, थंड करून घ्यावं लागतं, नाहीतर त्यातला ऑक्सिजन बिअर बिघडवतो. याला विरोध करणारे म्हणतात, बिअरचं अंग जातं. आणि पाच टक्क्यांच्या खाली हा आक्षेप खरा ठरतो. त्यापेक्षा दुसऱ्या, कमी हॉप्सच्या बिअरशी मिसळणं बहुतेकांना पसंत आहे. ६० आणि २० आयबीयूच्या समसमान मिश्रणाला ४० आयबीयू मिळतात, आणि अंगही टिकतं. किंमत एकच: पुढचे तीन आठवडे आणि आणखी एक फर्मेंटर. दोन खोल्यांच्या घरात दुसरा फर्मेंटर ठेवायचा कुठे, हा मुलुंड-घाटकोपरकराचा प्रश्न रसायनशास्त्राइतकाच खरा आहे.

झाकण्याचे उपाय गोडीचे. लॅक्टोज आणि माल्टोडेक्स्ट्रिन सामान्य एल यीस्टला पचत नाहीत, त्यामुळे गोडी किंवा दाटपणा टिकतो. दुधाची साखर ज्यांना सोसत नाही त्यांना लॅक्टोजबद्दल आधी सांगायला हवं. गूळ किंवा साखर घालण्याचा सल्ला अधूनमधून ऐकू येतो आणि तो धोक्याचा आहे. ती आंबते; बिअर आणखी कोरडी होते, कडूपणा आणखी टोचतो आणि बंद बाटलीत दाब वाढतो. गोडीपेक्षा थोडं कॅल्शियम क्लोराइड बरं, असंही काहींचं मत आहे. मऊ पाण्यात क्लोराइड वाढलं की चव गोल होते. सल्फेट वाढलं की कडूपणा धारदार होतो. जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, घालण्याची सवय लागलेल्यांनी ही बाजू तपासावी. कडूपणापेक्षा तुरटपणाच मोठा असेल, तर पीव्हीपीपी किंवा जिलेटिनने पॉलिफेनॉल खाली बसवता येतात. शाकाहारी घरांत जिलेटिन चालत नाही, तिथे पीव्हीपीपी कामाला येतं.

उरलं वाट पाहणं. यात तीन मतं आहेत. जुनं मत सांगतं: वेळच औषध, थांबा. दुसरं सांगतं: हॉप्सचा सुगंध कडूपणाच्या आधी जातो, तेव्हा थांबून मिळतं काय? तिसरं मत प्रयोगशाळेतून आलं आणि मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आयसो-अल्फाचे ट्रान्स आणि सिस असे दोन प्रकार असतात. ट्रान्स प्रकार साठवणीत लवकर मोडतो. म्युनिकच्या थॉमस हॉफमन यांच्या गटाने दाखवलं की तो मोडून जी संयुगं तयार होतात, त्यांतली काही स्वतः कडू असतात आणि त्यांचा कडूपणा लांबणारा, टोचरा असतो. म्हणजे मोजलेला आकडा खाली येतो, पण जिभेवरचा त्रास त्याच प्रमाणात कमी होईल असं नाही. उष्णतेने हे सगळं वेगाने घडतं. जहाजातली बिअर पिंपात, थंड समुद्रांतूनही महिनोन्‌महिने यायची. बोरिवलीच्या माळ्यावर मे महिनाभर ठेवलेली बाटली ही तिची बहीण नव्हे. थांबायचं असेल तर फ्रिजमध्ये थांबावं, एवढ्यावर तिन्ही मतांचे लोक सहमत होतील.

ड्राय हॉपिंगमधून निघालेले नवे प्रश्न

कमी कडू, जास्त सुगंधी बिअरची लाट आली आणि चुकांचं केंद्र पातेल्यातून फर्मेंटरमध्ये सरकलं. लाफोंटेन आणि शेलहॅमर यांच्या २०१८च्या अभ्यासात लिटरमागे आठ ग्रॅमच्या पुढे सुगंध फार वाढत नाही, उलट लिंबूवर्गी सुवास मागे पडून चहा-वनस्पतीचा वास पुढे येतो, असं दिसलं. इथे ‘गवताळ’ झालेल्या बिअरवर आणखी हॉप्स टाकून झाकण्याचा प्रयत्न करणारे आहेत. त्याने बिअर आणखी गवताळ होते. हॉप्स किती दिवस ठेवावेत, यावर जुनी पुस्तकं आठवडा-दोन आठवडे सांगतात. ओरेगनच्या प्रयोगांत बराचसा सुगंध पहिल्या दिवसभरातच उतरला. तीस अंशांच्या खोलीत आठवडा ठेवण्याचं समर्थन करणं आता कठीण आहे.

दुसरी बाब सुरक्षेची आहे आणि इथे मत-मतांतराला जागा नाही. हॉप्समध्ये विकरं असतात. ती बिअरमध्ये उरलेल्या न आंबणाऱ्या शर्करा तोडतात आणि यीस्ट पुन्हा कामाला लागतं. ब्राउन आणि मॉरिस यांनी १८९३मध्येच हे नोंदवलं होतं. मग सव्वाशे वर्षं ते विसरलं गेलं आणि भरपूर ड्राय हॉपिंगच्या काळात ‘हॉप क्रीप’ या नावाने परत आलं. गुरुत्व ०.००१ने उतरलं की बिअरमध्ये साधारण अर्धा आकारमान कार्बन डायॉक्साइड वाढतो. बाटलीसाठी घातलेल्या साखरेवर असे तीन अंश आणखी उतरले, तर पुन्हा वापरलेली ६५० मिलीची बाटली फुटू शकते. उष्णतेत हे लवकर घडतं, हा त्यातल्या त्यात दिलासा: तीन दिवस गुरुत्व स्थिर दिसेपर्यंत बाटल्या न भरणं इथे फार महाग पडत नाही. भरून झाल्यावर शंका आली, तर सगळ्या बाटल्या थंड करून झाकणं सैल करून पुन्हा बसवावीत. हात जाड कपड्यात गुंडाळून आणि चष्मा लावून.

जिथे उपाय नाही

ही यादी लहान आहे. उन्हात ठेवलेल्या बाटलीचा स्कंकी वास जात नाही; आयसो-अल्फा प्रकाशात मोडून गंधकयुक्त संयुग बनतं आणि ते अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतं. बाल्कनीतली हिरवी बाटली त्यासाठी पुरते. ऑक्सिजनने तपकिरी पडलेली धुरकट आयपीए (इंडिया पेल एल) परत पिवळी होत नाही. चीजसारखा वास येणारे जुने हॉप्स वापरले असतील तर तो आयसोव्हॅलेरिक आम्लाचा वास बिअरमध्ये राहतो. मार्क गॅरेट्झ यांच्या जुन्या नियमाप्रमाणे तापमान १५ अंशांनी वाढलं की हॉप्स दुप्पट वेगाने शिळे होतात. कुरियरच्या गोदामात उन्हाळ्यात पडून राहिलेल्या पाकिटावरचा अल्फाचा आकडा म्हणूनच पूर्ण विश्वासाचा नसतो. पाकीट फोडून आधी वास घ्यावा. चूक टाळण्याची ती शेवटची स्वस्त संधी असते.

काय अजून सुटलेलं नाही

सगळी मतं समोर ठेवल्यावर दोन प्रश्न उघडे राहतात. पहिला, ट्रान्स आयसो-अल्फा मोडून आलेला टोचरा कडूपणा ३० ते ३३ अंशांत किती आठवड्यांत जिभेला कळू लागतो? युरोपातले साठवणीचे प्रयोग आहेत, पण उकडणाऱ्या खोलीतली घरगुती, न गाळलेली, यीस्ट असलेली बाटली ही वेगळी वस्तू आहे. यीस्ट ऑक्सिजन शोषून घेतं, त्यामुळे ती कदाचित जास्त टिकेल. उष्णतेने यीस्टच मरून वास सुटला तर कमी टिकेल.

दुसरा प्रश्न आपल्याच हॉप्सचा. लाहौलच्या खोऱ्यात १९७०च्या दशकापासून लेट क्लस्टर, गोल्डन क्लस्टर, हायब्रिड-२ अशा जाती लावल्या गेल्या. ताजे, थंड साखळीतून आलेले लाहौली हॉप्स मिळाले, तर आयात पाकिटांच्या शिळेपणातून येणारी निम्मी गडबड टळेल का? लहान पाकिटांत ते नियमित मिळाल्याशिवाय हे कळायचं नाही.

पहिल्या प्रश्नाला मात्र कुणाची वाट पाहायची गरज नाही. बिअरमधला कडूपणा आयसो-ऑक्टेनमध्ये काढून २७५ नॅनोमीटरला मोजतात, आणि असा स्पेक्ट्रोफोटोमीटर अनेक विज्ञान महाविद्यालयांच्या रसायनशाळेत असतो. एकाच खेपेतल्या बारा बाटल्या घ्याव्यात. सहा फ्रिजमध्ये, सहा कपाटात. दर दोन आठवड्यांनी दोन्हीकडची एकेक उघडून आकडा घ्यावा आणि न सांगता तिघांना चाखायला द्यावी. आकडा आणि जीभ यांचे रस्ते कोणत्या आठवड्यात वेगळे होतात, ते तीन महिन्यांत कागदावर येईल.